रोटरीत नवीन आहात? गावातले प्रोजेक्ट आणि मुलांचं यूथ एक्स्चेंज, सुरुवातीपासून

रोटरी म्हणजे समाजसेवा करणाऱ्या क्लबांची जगभरची संघटना. जुलैत रोटरीचं नवीन वर्ष सुरू होतं, पदग्रहण समारंभ उरकतात आणि मग दोन प्रश्न हमखास येतात. नवीन मेंबर विचारतात, ताई प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू? आणि पालक विचारतात, मुलीला यूथ एक्स्चेंजला, म्हणजे रोटरीतर्फे परदेशातल्या घरी राहून शिकायला पाठवायचंय, फॉर्म कुठे मिळतो? आमच्या क्लबात मी दोन्ही बाजू बघते म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. एकत्र लिहितेय कारण माझ्या मते ही दोन वेगळी कामं नाहीतच. ज्या क्लबची आपल्या गावात माणसांशी ओळख आहे त्यालाच परदेशातून आलेलं मूल नीट सांभाळता येतं, आणि ज्या परदेशी क्लबचं मूल तुमच्या घरी वर्षभर राहून गेलंय तो क्लब पुढे तुमच्या पाण्याच्या किंवा शाळेच्या कामाला पार्टनर व्हायला पटकन तयार होतो. ओळख आधी, पैसा नंतर, हे धरून चाला.

थोडं मागचं सांगते. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना घेऊन पहिली बैठक भरवली, तिथून हे सुरू झालं. भारतात पहिला क्लब कलकत्त्याला, मग १९२९ ला मुंबईत. बायकांना मेंबर व्हायची रीतसर वाट १९८९ ला मोकळी झाली आणि पहिली महिला जागतिक अध्यक्ष २०२२ साली आली, जेनिफर जोन्स. आणि पोलिओ. १९८५ पासून रोटरीने हे काम अंगावर घेतलं, आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसणाऱ्यांत, रिक्षातून माईकवर ओरडत फिरणाऱ्यांत रोटरीची माणसं होती, भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडली आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त असल्याचं सर्टिफिकेट मिळालं. कुणी विचारलं की तुम्ही लोक नक्की करता काय, तर मी हे सांगते.

पहिली पायरी, पाहुणे म्हणून जा

मेंबरशिप निमंत्रणावर असते, दुकानात जाऊन पावती फाडल्यासारखी मिळत नाही. ओळखीच्या कुणा रोटेरियनला, म्हणजे रोटरीच्या मेंबरला, सांगा की मला मीटिंगला यायचंय, दोन-चार मीटिंग बघा, एखाद्या प्रोजेक्टला हात लावा आणि मगच ठरवा. एकाच शहरात पाच-सहा क्लब असू शकतात, कुणाची मीटिंग सकाळी चहावर तर कुणाची रात्री जेवणावर, कुठे सगळे डॉक्टर तर कुठे सगळे व्यापारी, त्यामुळे पहिला भेटला तोच धरला असं करू नका. तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. वर्षाचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, किती, त्यात जेवणाचा खर्च धरलाय का, आणि क्लबचा स्वतःचा ट्रस्ट आहे का. तिसरा प्रश्न फार जण विचारत नाहीत पण प्रोजेक्टचा पैसा त्याच ट्रस्टमधून फिरणार असतो.

बरेच क्लब मिळून रोटरीचा एक डिस्ट्रिक्ट, म्हणजे विभाग, होतो. तुमचा डिस्ट्रिक्ट नंबर पाठ करून ठेवा, कारण पुढे प्रत्येक फॉर्मवर तो लागतो. पुणे आणि रायगड ३१३१, मुंबई ३१४१, कोल्हापूर सांगली रत्नागिरी सिंधुदुर्ग आणि गोवा ३१७०, असे ते भाग आहेत. वय कमी असेल तर रोटरॅक्ट आहे, अठराच्या पुढच्यांसाठी, आणि शाळेतल्या बारा ते अठराच्या मुलांसाठी इंटरॅक्ट. १९६२ साली फ्लोरिडात पहिला इंटरॅक्ट क्लब झाला आणि जगातला दुसरा आपल्या तंजावरला, हे मी शाळेत सांगते तेव्हा मुलं एकदम ताठ बसतात.

दुसरी पायरी, प्रोजेक्ट ठरवायच्या आधी गावात जा

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच बिघडतात. क्लबात काय होतं, कुणीतरी म्हणतं आपण शाळेला वॉटर प्युरिफायर देऊ, दुसरा म्हणतो माझ्या ओळखीत डीलर आहे, स्पॉन्सर मिळतो, फीत कापली जाते, फोटो बुलेटिनला जातो आणि सहा महिन्यांनी मशीन बंद, कारण फिल्टर कोण बदलणार आणि लाइट बिल कोण भरणार हे कुणी विचारलेलंच नसतं. देणाऱ्याची नियत चांगली असते, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही, पण ज्यांना द्यायचंय त्यांना आधी विचारायचं राहून जातं.

म्हणून आधी गावात जा, आणि बॅनर न घेता जा. सरपंचांना भेटा पण तिथेच थांबू नका. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटातल्या बाया, सगळ्यांना वेगवेगळं भेटा कारण सगळ्यांसमोर बाया बोलत नाहीत. तुम्हाला काय पाहिजे असं विचारलंत तर जे मिळण्यासारखं वाटतं ते सांगतात, त्यापेक्षा पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात किती हेलपाटे होतात, पोरगी शाळेत कधी जात नाही, असं विचारा. रोटरी फाउंडेशनच्या, म्हणजे प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या रोटरीच्याच संस्थेच्या, मोठ्या ग्रँटसाठी हा अभ्यास कागदावर द्यावाच लागतो पण मी म्हणते पाच हजारांचं काम असलं तरी करा.

एक उदाहरण जवळून सांगते, झेडपीच्या शाळेत हात धुण्याचं स्टेशन बांधायचं काम. दिसायला अगदी सोपं, टाकी, पाइप, सात-आठ नळ, खाली कट्टा. पण गवंड्याने त्याच्या सवयीने नळ मोठ्या माणसाच्या कमरेला लावले तर पहिलीतल्या पोराचा हात तिथे पोचत नाही, ते पाय उंचावतं आणि पाणी कोपरावरून बाहीत जातं, मग दोन दिवसांनी ते हातच धुवत नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोर आणि सातवीतलं सगळ्यात उंच पोर भिंतीला उभं करा, खडूने खुणा करा आणि दोन उंचीवर नळ घ्या. साबणाची वडी उघडी ठेवली तर कावळा नेतो किंवा चिखलात पडते, ती जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. खाली पडणारं पाणी कुठे जाणार? शोषखड्डा करा नाहीतर ते परसबागेतल्या शेवग्याला, अळूला सोडा, नाहीतर महिन्याभरात डबकं आणि डास. आणि शेवटचं, साबण संपला की आणणार कोण? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात पालक असतात, त्यांच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या आणि नाव लिहून घ्या. हे सगळं झाल्यावर उद्घाटन करा, हार-नारळ सगळं करा, त्यात काही वाईट नाही, गावालाही बरं वाटतं.

तिसरी पायरी, पैसा

छोट्या कामाला क्लबचा स्वतःचा पैसा, मेंबर्सची वर्गणी किंवा गावातला दाता पुरतो. त्याच्या वर डिस्ट्रिक्ट ग्रँट. फाउंडेशनच्या वार्षिक निधीला तुमचा डिस्ट्रिक्ट जे देतो त्यातला साधारण अर्धा भाग तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे परत येतो आणि त्यातून हे पैसे मिळतात, म्हणून देणगी मागितली की तोंड वाकडं करू नका, ती तीन वर्षांनी तुमच्याच तालुक्यात येऊ शकते.

ग्लोबल ग्रँट हे मोठं प्रकरण. बजेट कमीत कमी ३०,००० डॉलर लागतं, एक क्लब किंवा डिस्ट्रिक्ट इथला आणि एक दुसऱ्या देशातला लागतो, आणि काम सात ठरलेल्या विषयांतलं असावं लागतं: शांतता, आजार रोखणं आणि उपचार, पाणी-स्वच्छता, माता-बालआरोग्य, शिक्षण-साक्षरता, लोकांचं उत्पन्न वाढवणं आणि पर्यावरण. अर्ज ऑनलाइन, पण त्याआधी क्लबातल्या कुणीतरी डिस्ट्रिक्टच्या ग्रँट सेमिनारला बसलेलं असावं लागतं आणि क्लबने करारावर सह्या केलेल्या असाव्या लागतात, त्यामुळे सप्टेंबरात प्रोजेक्ट सुचला आणि ऑक्टोबरात पैसे आले असं होत नाही. दर बारा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट, काम संपल्यावर दोन महिन्यांत फायनल रिपोर्ट, आणि सगळ्या पावत्या निदान पाच वर्षं जपायच्या. परदेशी पैसा आला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, येतो, ट्रस्ट त्यात नोंदलेला पाहिजे, दिल्लीच्या स्टेट बँकेत ठरलेलं खातं पाहिजे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे द्यायची सोय राहिलेली नाही. सीए मेंबर असेल तर त्यालाच ट्रेझरर करा आणि प्रत्येक गोष्ट त्याला विचारून करा.

आता परदेशातला पार्टनर आणायचा कुठून? नवीन क्लब वेबसाइटवरून शंभर क्लबांना ईमेल टाकतात, उत्तरं फारशी येत नाहीत, आणि यायची तरी का, ते आपल्याला ओळखत नाहीत. इथेच एक्स्चेंज येतं.

चौथी पायरी, एक्स्चेंज नक्की काय असतं ते समजून घ्या

पालकांना पहिल्याच भेटीत मी सांगते, ही स्वस्तातली फॉरेन टूर नाही आणि तिकडच्या कॉलेजात ॲडमिशन मिळवायची शिडीपण नाही. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं दुसऱ्या देशात जातात, तिथल्या घरात घरचं मूल म्हणून राहतात, तिथल्या शाळेत जातात आणि मुदत संपली की परत येतात. याची सुरुवात १९२७ ला फ्रान्समध्ये नीसच्या क्लबने केली असं सांगतात. प्रकार दोन. लाँग टर्म म्हणजे अख्खं शाळेचं वर्ष, वर्षात एकापेक्षा जास्त होस्ट कुटुंबं, म्हणजे मुलाला घरी ठेवून घेणारी, बहुतेकदा तीन. शॉर्ट टर्म म्हणजे काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत, बहुतेक वेळा घराला घर, म्हणजे तुमची मुलगी त्यांच्याकडे आणि त्यांची तुमच्याकडे. अठरा ते तीसच्या तरुणांसाठी न्यू जनरेशन्स सर्व्हिस एक्स्चेंज आहे, ते कामाच्या किंवा सेवेच्या अनुभवासाठी.

मूल रोटेरियनचंच असावं लागतं असं नाही, हे मोठ्याने सांगा कारण गावात सगळ्यांचा समज उलटाच आहे. खर्चाचं असं की होस्ट घर राहणं-जेवणं देतं आणि त्याचे पैसे घेत नाही, होस्ट क्लब दर महिन्याला थोडा पॉकेटमनी देतो, शाळेची सोयही तिकडेच होते. तुमच्याकडे येतं ते जाण्या-येण्याचं तिकीट, व्हिसा, रोटरीच्या अटीत बसणारा इन्शुरन्स, ब्लेझर, ओरिएंटेशन आणि एक इमर्जन्सी फंड. देशाप्रमाणे आकडे फार बदलतात म्हणून तुमच्या डिस्ट्रिक्टच्या यूथ एक्स्चेंज ऑफिसरकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्यावर जाऊ नका.

शिक्षणाचं खरं सांगायचं तर लाँग टर्मला एक वर्ष जातंच. अकरावीच्या मध्यात उठून जाणं आपल्या बोर्डाच्या गणितात बसत नाही, त्यामुळे दहावीनंतर किंवा बारावीनंतर गॅप घेतलेली बरी. नीट-जेईईचा क्लास लावून झालाय आणि हेही करायचंय असं असेल तर शॉर्ट टर्म बघा. मुलाला जायचंय की आईवडिलांना पाठवायचंय, हे मुलाला एकट्याला बसवून विचारा.

पाचवी पायरी, अर्ज आणि कागद

क्लब, मग डिस्ट्रिक्ट, हीच वाट. डिस्ट्रिक्टला एक्स्चेंजसाठी रोटरी इंटरनॅशनलचं, म्हणजे जागतिक संघटनेचं, सर्टिफिकेशन असावं लागतं, एजंट वगैरे काही नसतो, कुणी सीट करून देतो म्हणाला तर लगेच डिस्ट्रिक्टला कळवा. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर आदल्या दिवाळीच्या आसपास हालचाल सुरू करा. लांबलचक फॉर्म, शाळेचे मार्क, डॉक्टर आणि डेंटिस्टचं सर्टिफिकेट, फोटो, मुलाचं पत्र, पालकांचं पत्र, मग मुलाखत आणि आईवडिलांचीही मुलाखत. देशाची आवड विचारतात पण तोच देश मिळेल याची खात्री नसते. तिकडच्या क्लबच्या आणि शाळेच्या सह्यांचा गॅरंटी फॉर्म आला की मग व्हिसा.

पासपोर्टचं एक लक्षात ठेवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालतो, म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट ऐन परदेशात संपू शकतो. पंधरा ते अठराच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच मागा.

आमची मावशी न्यू जर्सीत आहे, तिच्याकडेच ठेवा ना, असं बरेच पालक म्हणतात. नाही. नातेवाइकांकडे राहायचं तर एक्स्चेंज कशाला, तिथेही पोळी-भाजी आणि मराठी मालिकाच होणार. पण परदेशातल्या मराठी मंडळींना एक विनंती आहे, होस्ट व्हायला रोटेरियन असायची अट नाही, तुमच्या गावच्या क्लबला सांगा की आम्ही जर्मनीचं, ब्राझीलचं मूल ठेवून घ्यायला तयार आहोत.

जाणाऱ्या मुलाला तीन गोष्टी घरी शिकवा. स्वतःचे कपडे धुणं, चार पदार्थ करणं (पोहे, खिचडी, वरणभात, उपमा इतकं पुरे, तिकडे एक दिवस सगळ्या घराला जेवायला घालावं लागतंच) आणि आपल्या गावाबद्दल दहा मिनिटं बोलणं. फॉर्मवर शाकाहारी लिहायचं तर अंडं चालतं का, एकाच भांड्यात केलेलं चालतं का, हे खरं-खरं लिहा, तिथे गेल्यावर सांगितलं तर होस्ट आईची पंचाईत होते. गावातला प्रोजेक्ट इथे कामाला येतो, ज्या पोराने हात धुण्याच्या स्टेशनवर शनिवारी काम केलंय ते तिकडच्या क्लबात उभं राहून फोटोसकट बोलतं, आणि तिकडची माणसं विचारायला लागतात की पुढचं काम कोणतं करताय, आम्ही काय करू शकतो.

नियम चार, त्यांना फोर डी म्हणतात: ड्रायव्हिंग नाही, ड्रिंकिंग नाही, ड्रग्ज नाही, डेटिंग नाही. मोडले तर परतीचं तिकीट. आणि पालकांनी रोज व्हिडिओ कॉल करू नका. पहिले दोन-तीन महिने मूल रडणार, तुम्ही रोज दिसलात तर त्याचं मन तिकडे बसणारच नाही, आठवड्याला एकदा पुरे. अडचण आली तर मुलाने आधी तिकडच्या काउन्सेलरला, म्हणजे क्लबने मुलाची काळजी घ्यायला नेमलेल्या माणसाला, सांगायचं, तुम्ही इथून होस्ट आईला मेसेज करायचे नाहीत.

सहावी पायरी, आपल्या घरी मूल ठेवणं

सगळ्यांना पाठवायचं असतं, ठेवून घ्यायला मात्र घरं मिळत नाहीत, आणि माझा सगळा जीव या पायरीत आहे. तुमचं मूल तिकडे जेवतंय ते कुणाच्या तरी ताटात, मग इथे कुणाचं तरी तुमच्या ताटात जेवायला हवं. मोठं घर लागत नाही. मुलाला स्वतःचा पलंग लागतो, अभ्यासाला कोपरा लागतो आणि आतून दार लावता येईल असं बाथरूम लागतं.

आधी घराची तपासणी होते, घरातल्या मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते, त्याचा राग मानू नका, तुमच्या मुलीसाठी तिकडे हेच चाललेलं असतं. प्रत्येक मुलाला एक काउन्सेलर असतो आणि तो होस्ट घरातला चालत नाही, कारण घराबद्दलच तक्रार असेल तर मुलाने सांगायचं कुणाला? छळाची किंवा अत्याचाराची कुठलीही तक्रार आली तर मूल आधी सुरक्षित जागी, पोलिसांना कळवणं आणि रोटरी इंटरनॅशनलला ७२ तासांत कळवणं, यात आपापसात मिटवू वगैरे काही नसतं, समोर कितीही ज्येष्ठ मेंबर असो. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत त्याची ऑनलाइन माहिती द्यायची असते, आणि १८० दिवसांपेक्षा जास्तीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद, तीही ऑनलाइन होते. हे काम एकाच माणसाकडे द्या, मी बघतो तू बघतेस करत तारीख जाते.

मूल आलं की पहिल्या रात्री बसून विचारायच्या प्रश्नांची यादी असते, ती त्याच्या हातात असतेच. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? बाथरूम सकाळी कुणाची कधी? कपडे कुठे टाकू? फ्रिज न विचारता उघडला तर चालेल का? वायफायचा पासवर्ड? आपल्याकडच्या घरांत त्यात थोडी भर घाला. गिझर कधी लावायचा आणि बंद करायचा, चपला कुठे काढायच्या, देवघराजवळ काय करायचं नाही, पिण्याचं पाणी कुठल्या पिंपातलं आणि नळाचं पाणी तोंडाला लावायचं नाही, तिखट नको असेल तर ते कसं सांगायचं. तिखट नको म्हणायला ही मुलं फार लाजतात, घाम पुसत जेवतात, त्यामुळे पहिले पंधरा दिवस आमटी वेगळी काढा. घरच्यांना मावशी, काका, आजी अशीच हाक मारू द्या, हाक बदलली की घर बदलतं.

ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला लवकरच गणपती मिळतात, त्यापेक्षा चांगली सुरुवात नाही, मोदक वळायला बसवा, आरतीची झांज हातात द्या. पण सणांपुरतंच ठेवू नका, पाहुणा म्हणून सोफ्यावर बसवून ठेवलेलं मूल दुसऱ्या महिन्यात कंटाळतं. ताट उचलू द्या, भाजी आणायला पाठवा, गावातल्या प्रोजेक्टला न्या. आमच्याकडच्या एका मुलीने झेडपीच्या शाळेत मुलांना हात धुवायचं गाणं तिच्या भाषेत शिकवलं आणि तिला त्यांनी मराठीत, तिचे आईवडील तो व्हिडिओ बघून त्यांच्या क्लबात घेऊन गेले आणि पुढच्या ग्रँटचं बोलणं तिथूनच सुरू झालं. आणि हो, कितीही हट्ट केला तरी स्कूटर चालवायला देऊ नका, गल्लीतल्या गल्लीतही नाही, ड्रायव्हिंगमध्ये दुचाकी येतेच.

परत आलेल्या मुलांना रिबाउंड म्हणतात, त्यांना वाऱ्यावर सोडू नका, घरी आल्यावर त्यांनाही सगळं परकं वाटतं. त्यांना पुढच्या वर्षीच्या मुलांच्या ओरिएंटेशनला बोलवा, ज्या देशाला जाऊन आले तिथल्या क्लबशी पत्रव्यवहार त्यांच्याकडे द्या, भाषा त्यांनाच येते.

शेवटचं काम जूनचं. १ जुलैला अध्यक्ष, सेक्रेटरी, प्रोजेक्ट चेअर सगळे बदलतात आणि जुन्या फायली कुणाच्या तरी कपाटात राहतात. म्हणून जूनच्या शेवटच्या बोर्ड मीटिंगला तीन कागद पुढच्या टीमच्या हातात सहीनिशी द्या: चालू प्रोजेक्टची यादी, त्यात प्रत्येक गावातल्या जबाबदार माणसाचं नाव आणि फोन; ग्रँटच्या रिपोर्टच्या तारखा; आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्या मुलाच्या तिन्ही होस्ट घरांचे पत्ते, तपासणी झाल्याच्या तारखेसकट. तिसरं घर अजून मिळालं नसेल तर ती जागा रिकामी ठेवा आणि त्याच मीटिंगमध्ये विचारा की कोण तयार आहे.